बिरूची मेंढरं आणि माझी कॅप्टनगिरी

जळकोट सोडलं त्या दिवशी हायवेच्या कडेला मला पोचवायला तिघं उभे होते. आई, अण्णा आणि माझा दोस्त बिरू. आईनं शेंगाचटणीचा डबा पिशवीतून तीनदा काढला, तीनदा घातला. अण्णा जन्मभर शाळामास्तर. निरोपसुद्धा त्यांनी फळ्यावर लिहिल्यासारखा दिला. "पोचल्यावर कळवणे. जेवण वेळेवर करणे." बिरूच्या हातात काहीच नव्हतं. बस दिसायला लागली तसा तो म्हणाला, "पम्या, मोबाईल उघड जरा." मी आम्ही दोघं खेळायचो तो गेम उघडला, तर त्यानं त्याची ढाल माझ्या नावावर पाठवलेली. दोन वर्षं राक्षस मारून कमावलेली ढाल. म्हणाला, "पुण्यात लागंल तुला. हितं काय, मेंढरंच हायती." अण्णांना वाटलं पोरं नोकरीची कागदपत्रं पाठवतायत. ते कौतुकानं हसले.

गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांना, दोघांनाही हे सांगायचं बरेच दिवस टाळत होतो. तलवारी, जादू आणि राक्षसांचा तो ऑनलाइन गेम बारावीत आम्हाला लागला. मी घरात, पंख्याखाली खेळायचो. बिरू बारावीनंतर वडलांच्या मेंढरांमागं गेला, तो माळावर खेळायचा; एका हातात काठी, एका हातात मोबाईल. आणि सांगायला लाज वाटते, पण पंख्याखालचा मी रोज मरायचो नि उन्हातला तो जिंकायचा.

कारण साधं होतं. मी लांडग्यांच्या कळपामागं तलवार उपसून धावायचो. कळप फुटायचा आणि चहूकडून मलाच फाडून खायचा. बिरू फोनवर खेकसायचा, "आरं मागं पळू नगं! मागं पळलं की फुटतंय. म्होरकं कोण हाय बघ, त्याच्या खांद्यापाशी जाऊन हुबा ऱ्हा. ते वळलं की समदी वळत्यात." टोळीतल्या जखमींना औषध देणारा गडी कुठं ठेवायचा, यावरही त्याचं ठरलेलं: "कुत्री कडंला, कोकरं मधी." त्याच्या सांगण्यानं मी पहिल्यांदा चाळीस लांडगे एका कोपऱ्यात कोंडले, तेव्हा तो इतका हसला की मेंढरं बिचकली. "सात पिढ्या लांडग्यानं आमची मेंढरं नेली," म्हणाला, "आज आमी लांडगी हाकली!"

पुण्यात ऑफिसमधल्या चार पोरांची गिल्ड होती. गिल्ड म्हणजे गेममधली टोळी. सगळे मिळून लढतात, कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलतात. त्यांनी मला घेतलं ते ढालीकडं बघून. पहिल्याच लढाईत मी राक्षसांचा कळप वळवून दाखवला. रोहन, म्हणजे त्यांच्यातला सगळ्यात जुना खेळाडू, म्हणाला, "ब्रो, ही कुठली स्ट्रॅटेजी?"

त्या क्षणी 'आमच्या गावच्या बिरूची' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "शोल्डर पोझिशनिंग. मी डेव्हलप केलीय."

झालं. मी कॅप्टन झालो. 'कुत्री कडंला, कोकरं मधी' याचं मी 'आउटर रिंग, इनर रिंग' केलं आणि त्याची पीपीटीसुद्धा बनवली. दर आठवड्याला बिरूला फोन करायचा, अडलेलं विचारायचं, त्याला इंग्रजीचा सदरा घालायचा आणि रविवारी गिल्डमध्ये मिरवायचं. बोलणंही बदललं. 'कुठं'चं 'कुठे' झालं, 'लई'चं 'खूप'. गेममध्ये माझं नाव वेगळंच, रुबाबदार होतं. पम्या पुण्यात कुणाला माहीतच नव्हता.

मग एका रविवारी सकाळी गिल्डमधला एक गडी आजारी पडला. समोर मोठा ड्रॅगन, दोन महिने तयारी केलेली. आमच्याकडं त्या ताकदीचा दुसरा खेळाडू नव्हता. मी बिरूला बोलावलं. टोळीला सांगितलं, ऑनलाइन एक गडी मिळालाय. बोलावताना बजावलं, "माइक बंद ठेव. फक्त खेळ."

"व्हय," म्हणाला. "मला तरी काय भाषान द्यायचंय?"

अर्धा तास तो असा खेळला की रोहन तीनदा म्हणाला, "कोण आहे हा, सॉलिड आहे!" मी ड्रॅगनवर वार करत राहिलो. ड्रॅगन मरायला टेकला आणि तिकडं जळकोटच्या माळावर बिरूची मेंढरं कुणाच्या तरी ज्वारीकडं निघाली. घाईत त्याचं बोट माइकवर पडलं असणार. आमच्या सगळ्यांच्या कानात एकदम गर्जना झाली: "हुर्रर्र! मागं फिर! डाव्या अंगाला घे, डाव्या!"

आवाजात असा हुकूम होता की आमची टोळी एका दमात मागं फिरून डाव्या अंगाला गेली. डाव्या अंगाला ड्रॅगनचं तोंड होतं.

सगळे मेले. मी धरून.

कानात फक्त मेंढरांचं बें-बें ऐकू येत होतं. मग बिरूचा आवाज आला, "पम्या, आरं चुकलं बग, मेंढरं—"

"पम्या कोण?" रोहननं विचारलं. "कॅप्टन, हा तुझ्या ओळखीचा आहे?"

मी म्हणालो, "नाही रे. कोणीतरी रँडम आहे. काढतो." आणि बटण दाबून त्याला गिल्डबाहेर काढलं. बटण दाबेपर्यंत तो लाइनवर होता. त्यानं सगळं ऐकलं.

ज्याच्या ढालीमागं उभा राहून मी कॅप्टन झालो होतो, त्याला मी ओळखत नव्हतो. आणि पम्यालाही नाही.

त्यानं फोन केला नाही. मीही केला नाही. तो गेममध्ये दिसेना. आई फोनवर सांगायची, "बिरू भेटला होता, तुझी खुशाली विचारत होता," आणि मी विषय बदलायचो.

तीन महिन्यांनी गावी गेलो. आदल्या रात्रीपासून माफीचं भाषण पाठ करून सकाळी माळ गाठला. बिरू बाभळीखाली बसला होता. माझे पांढरे बूट, गॉगल, सगळं नीट बघून घेतलं त्यानं आणि काठी माझ्या हातात दिली. "आलास? ही धर. पाण्याचं बघून येतो."

मी तोंड उघडायच्या आत तो गेला. मेंढरांनी मला पाच मिनिटं जोखलं आणि सरळ शेजारच्या हरभऱ्याकडं निघाली. आता गंमत बघा. म्होरक्याच्या खांद्यापाशी उभं राहायचं, हे मी चार जणांना पीपीटी लावून शिकवलेलं. पण एवढ्या मेंढरांत म्होरकं कुठलं? मला सगळी सारखीच दिसत होती. शेवटी मी तेच केलं जे करायचं नसतं. काठी उगारून, ओरडत मागं पळालो. कळप फुटला आणि सगळ्या हरभऱ्यात पांगला.

शेताची मालकीण धावत आली. पलीकडच्या गावची बाई, मला ओळखत नव्हती. "कुनाचं हाय गं बया हे येडं? आख्खा हरभरा घातला की मेंढरांच्या तोंडात! आरं ये गॉगलवाल्या, कुनाचा हायेस तू?"

मी काठी पाठीमागं लपवली. बिरू बांधावर येऊन उभा होता. बाईनं त्यालाच विचारलं, "तुझ्या वळकीचं हाय का रं हे?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. तो काय म्हणू शकला असता, ते मला पाठ होतं. माझंच वाक्य होतं ते.

"आमचंच हाय, मावशी," बिरू म्हणाला. "पुण्याला असतंय, म्हून असं झालंय. काय नुसकान झालं ते माझ्यावर."

"मग बांधून ठिवत जा की!" बाई म्हणाली.

त्यानं जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढला, चार पावलं आडवा चालला, आणि मेंढरं ओळीनं बाहेर आली. मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं, "बिरू, त्या रविवारी…" तो म्हणाला, "ती लंगडी मागं ऱ्हायली बग, उचलून आन तिला." मी उचलून आणली. तेवढंच बोलणं झालं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पूर्वी घर म्हटलं की मला आईचा डबा आठवायचा, अण्णांची फळ्यावरची वाक्यं आठवायची. आता मला एवढंच कळतं, की आपण दुसऱ्याच्या हरभऱ्यात मेंढरं घातली तरी चारचौघांत जिथं कुणीतरी 'आमचंच हाय' म्हणतं, ते घर. मला ते मिळालं. बिरूला पुण्यात ते द्यायची एकदाच वेळ आली होती, तेव्हा मी दार लावून घेतलं.

परत आल्यावर पुढच्या रविवारी गिल्डमध्ये सगळं सांगितलं. शोल्डर पोझिशनिंग कुणाचं, ढाल कुणाची, पम्या कोण. रोहन म्हणाला, "कुठला रविवार, भाई? मला आठवत पण नाहीये." ज्यांच्यासमोर इज्जत राखायला मी दोस्त नाकारला, त्यांच्या ते लक्षातही नव्हतं.

बिरूला फोन करून परत ये म्हणालो. "बगू की," म्हणाला, "आत्ता मेंढरं विताना सवड न्हाय."

गिल्डमध्ये एक जागा मी रिकामी ठेवलीय. नवं कुणी आलं की विचारतं, ही कुणासाठी? मी माइक चालू करून सांगतो, आमच्या जळकोटच्या बिरूसाठी, कळप वळवायचा त्यानं शिकवलाय मला.

अजून तो आलेला नाही.