घसारा मॅडम

‘घसारा’ हा शब्द उच्चारताना मॅडम टेबलावरून तळहात घासत न्यायच्या. “वापरून वापरून वस्तू झिजते. त्यानं जी किंमत कमी होते, तो घसारा. बाजारात भाव पडला तर तो घसारा नव्हे.” खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या आमच्या वसाहतीतल्या कितीतरी मुलांना त्यांनी पुस्तपालन शिकवलं. मुलांनी त्यांचं नावच घसारा मॅडम पाडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

शब्द भलत्याच जागी वापरलेला त्यांना खपत नसे. कोणी जमिनीवर घसारा लावला की म्हणायच्या, “जमीन कुठं झिजते गा? मशीनवर लाव.” बाबांना पन्नाशी लागल्यावर ते गमतीनं म्हणाले, “आता आमच्यावरही घसारा.” मॅडम हसल्या नाहीत. “भाऊजी, तुम्ही काय टेबलफॅन आहात?”

माझी मोठी बहीण, मीनाताई, नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून माहेरी परतली होती. घटस्फोटानंतर बुटीबोरीत नोकरी करणाऱ्या एकाचं स्थळ आलं. शेजारधर्म म्हणून मॅडम पाहुण्यांना पोहे देत होत्या. मुलाची मामी आईला म्हणाली, “पोरगी चांगली आहे जी. पण एकदा लग्न झालेली, म्हणजे किंमत थोडी कमी होतेच. मोटरसायकल तरी द्या.”

आई हो म्हणणार, तोच मॅडमनी हातातली बशी खाली ठेवली.

“घसारा मशीनले लागते, मामी. मार हिनं खाल्ला, अन् किंमत हिचीच काहून कमी करून राहिल्या तुम्ही?”

मंडळी उठून गेली. “तुमच्या बोलण्यापायी माह्या पोरीचं जमता जमता मोडलं,” आई म्हणाली आणि तिनं मॅडमशी बोलणंच टाकलं. मीनाताईनं मात्र त्या दिवशी, घरी परतल्यापासून पहिल्यांदाच, पोटभर खाल्लं. पुढे तिनं अर्धवट राहिलेलं बी.कॉम. पुरं केलं. आता ती नागपुरात नोकरी करते, स्वतःच्या मर्जीनं एकटी राहते.

मागच्या उन्हाळ्यात मॅडमच्या यजमानांची नोकरी संपली आणि त्यांनी क्वार्टर सोडलं. सामानाचा ट्रक भरत आला, तेव्हा आई चप्पल न घालताच त्यांच्याकडे गेली. दारातच उभी राहिली.

“मॅडम, तुमच्याशी बोलायचं राहूनच गेलं वं.”

“मग बोला ना,” असं म्हणत मॅडमनी बांधलेल्या गादीवर बसकण मारली आणि आईला शेजारी ओढलं. ट्रकवाला बाहेर हॉर्न वाजवत राहिला.