फुटक्या चाकाचा सूर

आमच्या ह्यांनी अडतीस वर्षं झाशी स्टेशनावर गाड्यांची चाकं ठोकली. गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेक चाक ठोकत जायचं. घंटेसारखं वाजलं तर ठीक, झणझणलं तर तडा. मग डबा बाजूला. रिटायर होऊन झाशीतच, नगरा वस्तीत घरी बसले, पण कान काही रिटायर झाला नाही. माठ घ्यायला गेले की दहा ठोकतात, नऊ नाकारतात. मला बघायला आले तेव्हा हातोडी जवळ नव्हती, माझं नशीब.

नात इरा गाणं शिकते. गणपतीत मराठी मंडळींपुढे तिचं पहिलं गाणं ठरलं, म्हणून ग्वाल्हेरच्या तिच्या बाईंनी, विद्याजींनी, आपला जुना तंबोरा महिन्याभरासाठी दिला. मी चौथीपर्यंत शिकलेली. आरत्यांपलीकडे मला काय कळणार? इराच सांगायची, "आजी, पहले ना, महाराष्ट्रातून मुलं पायी ग्वाल्हेरला यायची. खाँसाहेबांची सेवा करून गाणं शिकायची. हा तंबोरा पण मिरजेचा आहे."

आमचे पूर्वजही तिकडूनच आले, पण भाले घेऊन. त्यांना कुणी गा म्हटलं नाही ते बरंच झालं.

ह्यांचं मात्र एकच टुमणं. "तंबोरा फुटका आहे. झणझणतो." बाईंना तसं वाटत नाही, इराला वाटत नाही. मला घोर लागला. सासरे असेच साठीनंतर बहिरे झाले होते. ह्यांचा कान गेला, तर ह्यांच्याजवळ मिरवायला उरलं काय?

गाण्याच्या दिवशी चार वाजता इरा किंचाळली. "आजी! आबांनी धागे काढले!"

हे खुशीत होते. "तारांखाली सुताचे तुकडे अडकले होते. काढून टाकले. आता ऐक, कसा खणखणीत!"

"आबा, वो कचरा नहीं था, जवारी थी! आवाज झणझणावा म्हणून धागे मुद्दाम घालतात!"

ह्यांचा चेहरा पडला. जन्मभर जी खोट पकडली, तिच्यासाठीच तिकडे मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या कारागीर खपत होते.

इराला धागे बसवता येईनात. केसभर सरकला की तार मुकी. साडेपाचला निघायचं होतं. विद्याजींना फोन लावला, तर त्यांची गाडी वाटेत डबरा स्टेशनावर उभी. "मैं सीधे हॉल पहुँचूँगी, तब समय नहीं बचेगा. बाबूजी का कान तेज है, उन्हीं से बिठवाओ."

मी शिवणाच्या डब्यातलं पांढरं रीळ आणलं. ह्यांनी चार धागे तोडले. महिनाभर ज्या आवाजाला शिव्या घातल्या, तोच आता शोधायचा होता. इरा तार छेडायची, हे डोळे मिटून धागा सरकवायचे. "नाही... अजून चांगलीच वाजते आहे." एक तार झाली, दोन झाल्या, तिसरी झाली. चौथी, जाड खर्जाची, काही केल्या बिघडेना. पाच वीस झाले. इराच्या डोळ्यांत पाणी. मी देवाला म्हटलं, बाबा, एवढी एक तार फोड.

धागा तसूभर मागे गेला, आणि सगळी खोली भुंग्यासारखी घुमली.

"तडा!" हे ओरडले. "डबा बाजूला काढा!"

इरा रडता रडता हसली आणि तिने सा लावला.

हॉलमध्ये हे पहिल्या रांगेत बसले. गाणं संपेपर्यंत मुठीतलं रीळ काही सोडलं नाही.