जिजानं झाडलेला रस्ता

जिजानं झाडलेल्या रस्त्यावर खुशाल पोहे सांडावेत आणि वेचून खावेत, असं डांबरी रस्ते करणाऱ्या टोळीतली माणसं म्हणायची. अतिशयोक्ती असलीच तर ती पोह्यांपुरती. बघ्यांचं कौतुक मात्र सगळं डांबर ओतणाऱ्याला. पायांना गोणपाट गुंडाळून, हातात झारी घेऊन तो ऐटीत चालतो, मागून वाफेचा रोलर धापा टाकत येतो आणि बघे माना डोलावतात. अहो, पण डांबर धरतं कशाला? स्वच्छ, कोरड्या दगडाला. धूळ राहिली तर पहिल्या बैलगाडीबरोबरच ते उखडून येतं. म्हणून आधी तारेचा ब्रश, मग खराटा, मग गोणपाटानं वारा घालून फटींतली भुकटीसुद्धा उडवायची. हे काम अख्ख्या वसई तालुक्यात जिजासारखं कुणालाच जमत नव्हतं.

स्वातंत्र्य मिळून तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. जिजा नायगावकडच्या एका खाडीकाठच्या वाडीतली. नवरा लवकर गेला, सासरचं शेत दिरांनी दाबलं. ती रडत बसली नाही. डांबराच्या टोळीत शिरली. तिचा भाऊ श्रीपत मात्र शरमेनं अर्धा झाला. आपल्या घरची बाई चारचौघांसमोर सरकारी रस्ता झाडते! त्यानं वाडीत सांगून टाकलं, की जिजा मुंबईला एका डॉक्टरांच्या घरी कामाला आहे. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं थोडंच? वाडीला सगळं ठाऊक होतं. पण सख्खा भाऊ बाजारात दिसला की तोंड फिरवायचा, हे जिजाच्या जिवाला लागलं होतं.

अशात टोळीचं काम तिच्या माहेरच्या वाडीपाशी येऊन ठेपलं. जिजाला एकच हवं होतं. श्रीपतनं आपलं काम डोळ्यांनी बघावं आणि चारचौघांत आपल्याला बहीण म्हणावं. आदल्या संध्याकाळी तिनं वाडीपुढचा तुकडा असा झाडला, की मुकादम इग्नेशियसनं वाकून खडीवरून बोट फिरवलं आणि ते कोरंच निघालं.

सकाळी येऊन बघते तर काय, रस्ता हिरवागार! वाडीच्या बायकांनी पहाटे उठून शेणाचा सडा घातला होता आणि वर रांगोळ्याही काढल्या होत्या. पुढाकार श्रीपतच्या बायकोचा, कमळीचा. देवाची पालखी यायची तेव्हा या बायका वाटेवर सडा घालायच्याच. आता तर पक्का रस्ता येत होता, तोही नणंदेच्या हातून. त्याला कोरडं कसं ठेवायचं?

"काय गो वन्सं, चांगला घातलाय ना?" बादली हातात घेऊन कमळी हसत उभी होती.

जिजाच्या ओठांवर शिवी आली होती, ती तिनं गिळली. इतक्या वर्षांत माहेरच्या कुणी तिच्यासाठी काही केलं असेल तर ते हेच, आणि नेमकं तेच नडलं होतं.

"वयनी, पानी म्हंजे डांबराचा वैरी गो," ती कशीबशी म्हणाली.

इग्नेशियस मनानं चांगला, पण त्याचेही हात बांधलेले. "ओल्यावर ओतलं तर डांबर पापडासारखं सुटेल. पिंपं चुलीवर चढलीत, फार तापलं तर जळून जाईल. रोलर उद्या वालीवकडं जायचाय. हा तुकडा सोडा, पुढं चला."

म्हणजे साऱ्या मुलखाला डांबर आणि जिजाच्या माहेरापुढं तेवढे खड्डे! तिला रडू कोसळायचंच बाकी होतं.

बादली खाली आपटून कमळी पुढं आली. "चूक माझी हाय. आपन राब भाजतो तसं भाजूया ना! भाताची रोपं करायच्या आधी वाफ्यावर पेंढा नि पाला जालतो, तसंच. ओल कुठं राहील?"

मुकादमानं मान हलवली. "होईल. पण एवढा पेंढा देणार कोण?"

सगळ्यांच्या नजरा चिंचेखाली उभ्या असलेल्या श्रीपतकडं वळल्या. त्याच्या खळ्यात राब रचून तयार होता. तो इथं जाळला तर वाफ्यांसाठी पुन्हा रानोमाळ हिंडून पाला गोळा करायला हवा होता. श्रीपत पाठ फिरवून चालू लागला. गेला, नेहमीसारखाच गेला, असं जिजाला वाटलं.

तो परत आला तेव्हा त्याच्या डोक्यावर पेंढ्याचा भारा होता.

मग अख्खी वाडी लागली. पातळ थर पसरला, खाडीचं वारं बघून आग लावली. धुरानं सगळ्यांचे डोळे लाल झाले, पण रस्ता खडखडीत वाळला. उरली राख आणि दगडाला धरलेलं शेण. श्रीपतनं तारेचा ब्रश उचलला आणि गुडघे टेकून घासायला बसला.

"असा नाय दादा, आडवा घास," जिजा म्हणाली. तो मुकाट्यानं आडवा घासू लागला. मागून ती खराटा मारत होती, गोणपाट झाडत होती, आणि काळ्या दगडाचा कण न् कण उघडा पडत होता. तापलेल्या त्या खडीवर झारीतलं डांबर पडलं आणि असं बसलं, की ओतणाऱ्यानंसुद्धा थांबून जिजाकडं पाहिलं.

राखेनं माखलेल्या श्रीपतला इग्नेशियसनं हटकलं. "हा नवा गडी कोण? आपल्या टोळीतला दिसत नाही."

वाडीतली सगळी माणसं ऐकत उभी होती. श्रीपत उठला, त्यानं गुडघे झटकले.

"मी जिजाचा भाव," तो मोठ्यानं म्हणाला. "ही माझी बहीन."

जिजाचे डोळे भरून आले, पण रडायला सवड नव्हती. डांबर गार व्हायच्या आत वर बारीक खडी पडायला हवी होती. तिनं भरलेलं घमेलं उचललं आणि भावाच्या हातात दिलं.