यानातून पाठवलेले नाव
अर्जदार एक आई, साक्षीदार शेजारचा चहावाला, ठिकाण नांदुरा तहसील कचेरीसमोरील माझे अर्ज लिहिण्याचे टेबल. शाईपॅडचा वास आला की ते प्रकरण आठवते. चंद्राकडे निघणाऱ्या यानाची तयारी चालली होती आणि त्यातून पाठवण्यासाठी जनतेकडून नावे मागवली होती. सदर बाईंना आपल्या वारलेल्या लेकीचे नाव पाठवायचे होते. जुन्या सवयीने मी नावाआधी ‘मयत’ लिहिले व अर्ज वाचून दाखवला. बाई म्हणाल्या, “भाऊ, कचेरीत तिले मेली लिवलं, थे पुरे झालं, वर तरी जितीच जाऊ द्या ना!” मी नवा कागद घेतला. यान केव्हाच गेले, उत्तर आले नाही, आणि बाई अजून बाजारच्या दिवशी विचारतात, “पोचली का हो पोरगी?” तरी सदर नाव यानात चढले किंवा कसे, हे यान पाठवणाऱ्या कार्यालयाने लेखी कळवावे, ही विनंती.