मिस्त्रींच्या भिंतीवरचा खिळा

मिस्त्रींच्या गॅरेजातल्या एका भिंतीपायी निम्मे मेकॅनिक त्यांच्यावर खार खाऊन होते. कुणी वाट लावलेला भाग हाती आला, की मिस्त्री तो तारेने खिळ्याला टांगत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याची कथा तिखटमीठ लावून ऐकवत.

मिस्त्रींचा जावई मालाची व्हॅन चालवायचा. घाटातल्या शर्यतीत एकदा तरी उतरायचं, एवढंच त्याला वेड. त्यासाठी जुन्या गाडीला टर्बो बसवायचा ठरला. टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, म्हणून आतला दाब आधीच कमी करून ठेवावा लागतो. नाहीतर पेट्रोल अवेळी भडकतं आणि इंजिनाचे बारा वाजतात.

"मामा, खोलगट माथ्याचे पिस्टन मागवू या का? त्यांनी दाब उतरेल. वेळ लागेल, पण थांबू," जावई चाचरत म्हणाला.

मिस्त्री स्वतः हेच सांगणार होते. पण जावयाने आधी सांगितलं, तेही शेजारचा पेंटर ऐकत असताना. तिथेच माशी शिंकली.

"जावईबापू, तुम्ही व्हॅन हाका. हेडखाली एकावर एक दोन गॅस्केट टाकतो. हेड उचललं गेलं, की दाब कमी. आम्ही काय इतकी वर्षं गोट्या खेळलो?"

दाब कमी झाला, हे खरं. पण गॅस्केट म्हणजे इंजिन आणि त्याचं झाकण, हेड, यांच्यामधला पातळ थर; तो दुहेरी टाकला तर टर्बोच्या तापाला टिकत नाही, हेही खरं. भिंतीवर तसा एक नमुना टांगलेलाच होता, आणि त्यावर मिस्त्री पोट धरून हसायचे.

घाट अर्धाही चढला नव्हता, तोच गाडी पांढरा धूर ओकत थांबली.

"माझंच चुकलं, मामा. फार रेटली मी," जावई सगळ्यांदेखत म्हणाला. लेक बापाकडे बघत होती. मिस्त्रींनी मान डोलावली. डोलावली चक्क! त्या मानेची त्यांना घरी जेवताना लाज वाटली, आणि लेकीने पाणी पुढे केलं तेव्हा तर जास्तच.

गॅरेजात इंजिन उघडलं, तेव्हा पेंटर डोकावायला आलाच. हेड उचलताच जावयाला जळून चिकटलेली दोन गॅस्केट दिसली. त्याने ती झटकन फडक्यात गुंडाळली.

"पिस्टनच खराब निघाला," तो पेंटरला मोठ्याने म्हणाला.

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जावयाला सगळं कळलं होतं, आणि तो त्यांना झाकत होता.

"इकडे द्या ते."

"राहू द्या ना, मामा."

"द्या म्हणतो ना."

त्यांनी जुना नमुना उतरवला आणि त्याच खिळ्याला ती गॅस्केट टांगली.

"हे कुणाचं काम?" पेंटरने सवयीने विचारलं.

"माझं," मिस्त्री म्हणाले. "जावयांनी आधी सांगितलं होतं, तरी."