टकटक करून येणाऱ्या मॅडम

मॅडम स्वतःच्या घरात शिरताना दारावर टकटक करायच्या. किल्ली त्यांच्या हातात, आत कामाला मी एकटी, तरी टकटक. मग दार जरासं उघडून विचारायच्या, "शुभाताई, येऊ?" पहिल्या दिवशी घाबरून माझ्या तोंडून "नको" निघून गेलं, कारण लादी ओली होती. त्या बाहेर थांबल्या. लादी वाळेपर्यंत.

मॅडम डेन्मार्कच्या. साहेबांची बदली मुंबईला झाली म्हणून परळच्या टॉवरमध्ये राहायला आल्या, सोबत सहा वर्षांची फ्रेया. मी देवगडकडची, काळाचौकीला मावसबहिणीच्या खोलीत राहायचे. माझी मुलगी सायली गावी आईजवळ. बाईमाणसाच्या नावापुढे 'ताई' लावायचं, असं मॅडमना वॉचमनने सांगितलं होतं. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की फ्रेयाच्या शाळेतल्या ऑस्ट्रेलियन प्रिन्सिपलही ताई झाल्या. प्रिन्सिपलताईंची काही तक्रार ऐकू आली नाही.

मॅडम आणि मी हिंदीत बोलायचो. दोघींची सारखीच मोडकी, त्यामुळे भांडायची सोय नव्हती. फ्रेयाशी मात्र मी मालवणीत बोलायचे. लहान पोराशी बोलायला माझ्याकडे दुसरी भाषाच नव्हती. बघता बघता तीही मला मालवणीत उत्तरं द्यायला लागली. हे मॅडमना सांगावं की लपवावं, ते मला कळेना, म्हणून मी लपवलं. त्यांना वाटायचं, पोर हिंदी शिकतेय.

शाळा इंटरनॅशनल. तिथे मुलं टीचरना नावाने हाक मारतात आणि लोळत वाचतात. मी गेटपर्यंत सोडायचे, आत पाय टाकायचे नाही. मॅडमनी कारण विचारलं तेव्हा सांगितलं, सातवीत मास्तरांनी माझ्या हातावर रूळ मोडला, दुसऱ्या दिवसापासून मी काजूच्या कारखान्यात. मॅडमनी थोडा विचार केला आणि विचारलं, "रूळ लाकडाचा होता?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली. फ्रेया ही गोष्ट माझ्याकडून पुन्हा पुन्हा ऐकायची, रुळाच्या आवाजासकट.

अडचण एकच होती. फ्रेया शाळेत बोलत नव्हती. एक शब्द नाही. शाळेने सांगितलं, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बघू, नाहीतर तिला तिच्या भाषेच्या शाळेत नेलेलं बरं. म्हणजे मायलेकी परत डेन्मार्कला आणि मी परत काजूला. माझी झोप उडाली. मॅडम म्हणायच्या, "ती ऐकतेय. ऐकून झालं की बोलेल." रोज संध्याकाळी तिला शाळेबद्दल काहीही न विचारता त्या दुधी चिरत बसायच्या. फार जाड चिरायच्या.

सुट्टीच्या आधी शाळेत पालकांना बोलावणं असतं. मूल स्वतः आपलं काम आईबापांना दाखवतं. नेमके साहेब सिंगापूरला आणि मॅडम डेंग्यूने हॉस्पिटलात. मॅडमनी शाळेला कळवलं की शुभाताई येतील. मी पलंगाशी उभी राहून म्हटलं, मॅडम, मी सातवीतून उठलेली बाई. त्यांनी सलाइन लावलेला हात जरा हलवला.

"तिथे वाचायचं नाहीये. बघायचंय. तुम्हाला दिसतं ना?"

दिसत होतं. गेले.

वर्गात खुर्च्या गुडघ्याएवढ्या. टीचर आल्या तशी मी ताडकन उठले आणि हात मागे लपवले. त्या बसा म्हणाल्या. मी उभीच. पुन्हा म्हणाल्या. मी उभीच. बाकीचे पालक बघायला लागले. तेव्हा फ्रेया, जी त्या वर्गात कधी बोलली नव्हती, कंटाळून म्हणाली, "शुभा, बस गो खाली. हयसर कोण मारणा नाय."

टीचरच्या डोळ्यांत पाणी. त्यांना वाटलं, ही डॅनिश. मग फ्रेयाने आपली मातीची वस्तू दाखवली. टीचर इतके दिवस त्या वस्तूला विमान समजत होत्या. फ्रेयाने सांगितलं की तो बांगडा आहे. त्या शाळेत फ्रेंच, जपानी, कोरियन कळणारे सापडले असते. मालवणीला मी एकटीच. जमेल तशा इंग्रजीत मी सांगत गेले, आणि माझं इंग्रजी न आवडून फ्रेयाने शेवटी इंग्रजीतही स्वतःच सांगितलं.

हॉस्पिटलात पोचेपर्यंत माझी खात्री झाली होती की नोकरी गेली. डेन्मार्कच्या पोरीला मी मालवणी करून ठेवलं होतं. मी सगळं कबूल केलं. मॅडमनी डोळे मिटून ऐकलं. मग एकच विचारलं.

"आणि तुम्ही बसलात का?"

फ्रेया त्याच शाळेत राहिली. दोन वर्षांनी साहेबांची बदली झाली. निघताना मॅडम घर रिकामं करून बाहेर आल्या, दार ओढलं, आणि थोडं थांबून बंद दारावर टकटक केली. सवय. आतून कोणी ये म्हणालं नाही. मग आम्ही तिघी लिफ्टने खाली आलो.

आता मी त्याच टॉवरमध्ये दुसऱ्या घरी आहे. गेल्या मे महिन्यात गावी गेले, तर सायलीच्या बाईंनी निकालाला बोलावलं होतं. आजवर दर वेळी आई जायची. ह्या वेळी मी गेले. वर्ग तोच, माझा सातवीचा. दार उघडंच होतं, तरी टकटक केली. बाई काहीतरी लिहीत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, बसा.

मी आधीच बसले होते.