मोटरचा दुसरा स्क्रू

माझ्या वयाच्या माणसाने रिमोटच्या गाडीला तेल घालत बसू नये, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत होतं. मी वसमतला एका शाळेत कारकून, रोज गावाहून ये-जा करणारा. चाळिशी ओलांडलेली, टक्कल पडायला लागलेलं, आणि दर रविवारी सकाळी अंगणात पोतं अंथरून ती हातभर लांब गाडी खोलून बसायचो. बायको म्हणायची, "लेकीसाठी घेतली म्हणं, आन् लेकीला हात लावू देत न्हाईत." खरंच होतं ते. मी कुणालाच हात लावू देत नसे.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. कुरुंद्याजवळच्या आमच्या गावात त्यांचा हळद पॉलिश करायचा ढोल होता. वाळलेली हळकुंडं त्या जाळीच्या ढोलात घालून फिरवली की वरची साल आणि माती झडते, हळद चकाकते. उन्हाळाभर दादांच्या भुवयासुद्धा पिवळ्या असायच्या. पुढे ढोल चालवणं त्यांनी सोडलं, पण दुसऱ्यांचे ढोल दुरुस्त करायला लोक त्यांना पार हट्टा गावापासून न्यायला यायचे. मोटरसायकलवरून उतरायच्या आधीच दादा नुसत्या आवाजावरून सांगायचे, कोणत्या बाजूचं बेअरिंग गेलंय.

अशा माणसाला मी गाडीतलं शिकवायचो. दात घासायच्या जुन्या ब्रशने गिअरमधली माती कशी काढायची, बेअरिंग पेट्रोलमध्ये बुडवून कसं धुवायचं, वाळल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब कसा सोडायचा. मोटरचा छोटा गिअर मोठ्या गिअरला लावताना मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालायची, म्हणजे फट बराबर राहते, मग मोटरचे दोन स्क्रू आवळायचे आणि पट्टी ओढून काढायची. सगळ्यात मोठा नियम म्हणजे उघड्या गिअरला ग्रीस लावायचं नाही. ग्रीस माती धरतं आणि दोन्ही मिळून दाते खातात. ग्रीस फक्त मागच्या चाकांमधल्या बंद डबीत भरायचं. हे सगळं मी मोबाइलवर पाहून शिकलो होतो आणि मला त्याचा फार गर्व होता. दादा खाली मान घालून ऐकायचे आणि म्हणायचे, "व्हय का."

त्या वर्षी दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी गाडी पूर्ण खोलून धुतली. डबीत ग्रीस भरायचं तेवढं काम मोठ्या मनाने दादांना दिलं. त्यांनी करंगळीने ते असं भरलं, जसं लेकराच्या डोळ्यांत काजळ घालतात. बाकी जोडणी मी केली.

खंडेनवमीला दादा नेहमीप्रमाणे आपली अवजारं पूजेला मांडून बसले. नट आवळायचे पाने, ग्रीसगन, ढोलाचा जुना पट्टा, आणि शेवटी माझी गाडी. वरचं टप काढून त्यांनी मोठ्या गिअरवर हळदीकुंकवाचं बोट लावलं, चाक हाताने फिरवलं आणि कान जवळ नेला.

"काई तरी ढिलं वाटून राहिलं यात," ते म्हणाले. "खोलून पाह्य एकदा."

"दादा, हा तुमचा ढोल न्हाई," मी म्हणालो. बायको हसली, मीही हसलो. दादांनी गाडी परत पोत्यावर ठेवली आणि अगरबत्ती ओवाळली.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळच्या आत शाळेतले दोघे सहकारी, माझा साडू आणि गल्लीतले चार जण आपट्याचं सोनं द्यायला आले. मला गाडी दाखवायची हौस आवरेना. ढोलाच्या शेडसमोरच्या मोकळ्या जागेत सोडली. दोन फेऱ्या झकास झाल्या. तिसरीला गाडीतून कर्रर्र असा आवाज आला आणि मोटर नुसतीच फिरत राहिली. चाकं जागची हलेनात. टप काढलं तर मोठ्या गिअरचे दाते गेलेले आणि शेजारी हळदीकुंकवाचा लाल-पिवळा डाग.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्यांसमोर दादांना म्हणालो, "सांगितलं व्हतं ना दात्याला काई लावू नका म्हून? ग्रीस फासलं, कुंकू फासलं, खाल्ले ना दाते! जिथं समजत न्हाई तिथं हात कशाला घालता?"

दादांनी गाडी माझ्या हातातून घेतली, उलटी केली, मोटरच्या मागच्या बाजूला डोळा लावून पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग पाहुण्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "चुकलं माझं." सगळे ओशाळून इकडेतिकडे बघायला लागले. थोड्या वेळाने मी त्यांच्या हातात सोनं दिलं आणि पाया पडलो, कारण पाहुणे पाहत होते.

पुढे हळदीचा हंगाम तोंडावर आला तेव्हा हट्ट्याचा माणूस ढोल बिघडला म्हणून त्यांना न्यायला आला. दादा म्हणाले, "आता माझं ध्यान राहत न्हाई बाबा. दुसऱ्या कुणाला तरी पाह्य." गावात बातमी आधीच फिरली होती की पोराची गाडी म्हाताऱ्याने बिघडवली. तो माणूस फार आग्रह न करता गेला. त्यानंतर दादांनी पान्याला हात लावला नाही. पान्यांचं पोतं गुंडाळून शेडच्या कोपऱ्यात पडलं. मी ते पाहत होतो. मला वाटायचं, वय झालं.

होळीच्या सुमाराला नवीन गिअर बसवायला मी गाडी काढली. तुटलेला गिअर सहज हातात घेतला आणि पहिल्यांदाच नीट पाहिला. हळदीकुंकवाचं बोट सपाट बाजूवर होतं, दात्यांपासून लांब, जसंच्या तसं. दाते कोरडे होते. आणि ते मुळापासून गेले नव्हते, फक्त टोकाला झिजले होते. म्हणजे मोटरच सरकली होती आणि गिअर एकमेकांना वरवर घासत होते. गाडी उलटी केली. मोटरच्या दोन भोकांपैकी एक रिकामं होतं. दुसरा स्क्रू मला सुटे भाग धुवायच्या वाटीत सापडला, तळाच्या वाळलेल्या काळ्या गाळात चिकटलेला. दसऱ्याआधीच्या त्या रविवारी तो बसवायचा मीच विसरलो होतो.

मग मागची बंद डबी उघडली. आतलं ग्रीस स्वच्छ, दात्यादात्याला पुरेल इतकंच, आणि चारही लहान गिअर नव्यासारखे. तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवली. लहानपणी मी ढोलाच्या उघड्या दात्यांना ग्रीस लावायला गेलो, तर दादांनी माझा हात धरला होता. "धूळ धरते ते," म्हणाले होते. मोबाइलवर शिकलेलं ज्ञान माझ्याच घरात जन्मापासून होतं. मला माझी किळस आली.

दादा ओट्यावर बसले होते. स्क्रू त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो अंगठ्याने फिरवला.

"ठावं व्हतं मला," ते म्हणाले. "भोक मोकळं दिसलं व्हतं त्याच दिवशी."

"मग बोलले काहून न्हाईत?"

"तुझ्या शाळेतले लोक व्हते ना. तुझी मान खाली गेली असती."

मी म्हणालो, "मी सांगतो सगळ्यांना. हट्ट्याच्या माणसालाबी फोन करतो."

"जाऊ दे आता," दादा म्हणाले.

आणि मी जाऊ दिलं. ते बोलले म्हणून नाही, मला ते सोयीचं होतं म्हणून. साडू दोनदा घरी येऊन गेला, सहकारी रोज समोर बसतात, फोनमध्ये हट्ट्याचा नंबर आहे. मी एकालाही बोललो नाही. पावसाळ्यात दादा गेले. तिसऱ्या दिवशी एक जण मला धीर द्यायला म्हणाला, "शेवटी शेवटी ध्यान राहत नव्हतं म्हणा त्यांचं." मी मान हलवली.

या खंडेनवमीला मी त्यांचं पोतं उलगडलं. पाने पुसले, ग्रीसगन पुसली, शेजारी गाडी ठेवली. मोटरचे दोन्ही स्क्रू तीनदा आवळून पाहिले. मग हात जोडून बसलो, पण नुसतं देवासमोर बोलून हे फिटणार नाही, हे मला कळत होतं. अपमान चारचौघांत केला होता.

म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे. दादांनी दात्यांना ग्रीस लावलं नव्हतं. स्क्रू मी विसरलो होतो.